सांगा, मानसशास्त्रच काहून?

बातमी वर्ध्याच्या रामनगरातून निघाली आणि दिवेलागणीच्या आत आर्वी नाक्यावर पोचली, म्हणजे खरीच असणार. एका सालस घरातली, बी.ए.ला उत्तम मार्क मिळवलेली मुलगी रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि स्वतःलाच सांगते, "मी माणसांचं शांतपणे ऐकून घेते." एकदा नाही, पाच-सहा वेळा, आणि दर वेळी वेगळ्या सुरात. आजीने मीठमिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही. ठसका लागत नाही म्हणजे दृष्ट भारी, हे आजीचं शास्त्र. दोन दिवसांनी उलगडा झाला, की बाधा वगैरे काही नाही, मानसशास्त्राच्या एम.ए.ची मुलाखत आहे. आजी म्हणाली, "मंग तं दृष्टच बरी होती बापा."

हसू नका. हे खूळ एका घरापुरतं राहिलेलं नाही. हिंगणघाटला आहे, पुलगावला आहे, आणि देवळीत एका आईने लेकाच्या मुलाखतीसाठी नवस बोलल्याचं मी पक्क्या ठिकाणाहून ऐकलंय.

खुळं आम्हाला नवी नाहीत. डी.एड.चं खूळ आलं तेव्हा एकाच घरात भाऊ, वहिनी आणि नणंद तिघंही पाठ टाचणं काढत बसली होती. मग इंजिनिअरिंगचं आलं. मग नीटचं, ज्यात पोरं नागपूरच्या खोल्यांत रिपीटर म्हणून दाढी-मिशा फुटेपर्यंत बसली. पण त्या सगळ्या खुळांत एक सोय होती. तिथे पोराला कोणी "तू आहेस तरी कोण?" असं विचारत नव्हतं. गोळे काळे करायचे, उत्तरसूची लागली की मार्क मोजायचे, कमी पडले तर पेपर अवघड होता म्हणायचं. इथे तसं नाही. इथे तीन माणसं समोर बसतात, मधला चष्मा काढून पुसतो आणि विचारतो, "मानसशास्त्रच का?" आमच्याकडे सराव होतो तो "काहून?" असा. उत्तर पाठ तर करायचं, पण पाठ केलंय हे दिसू द्यायचं नाही. या एका कसरतीपायी घरंच्या घरं सध्या जागी आहेत.

परवा अशाच एका सराव-मुलाखतीला मी हजर होते. बोलावणं 'पोहे खायला या' असं होतं, म्हणून गेले. जाऊन पाहते तर बैठकीतला दिवाण भिंतीला लावून परीक्षकांची जागा केलेली. मधोमध मुलीचे मामा, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून अध्यक्ष. एका बाजूला वडील, हातात प्रश्नांचा कागद. दुसऱ्या बाजूला मला बसवलं, 'एक अनोळखी चेहरा हवा' म्हणून. मुलीला मी तिच्या बारशापासून ओळखते. मुलगी दारात आली, "मे आय कम इन, सर?" म्हणाली. मामा म्हणाले, "ये की. चप्पल बाहेर काढ."

पहिला प्रश्न तोच. मुलीने नजर खाली नेली, दोन श्वास थांबली (वडिलांच्या कागदावर तिथे कंसात 'थांबणे' लिहिलेलं मी स्वतः पाहिलं) आणि ओल्या आवाजात म्हणाली, "माझे आजोबा गेले, तेव्हा मला पहिल्यांदा माणसाच्या मनाची..."

आतल्या खोलीतून आजोबा खोकले.

मामांनी पेन खाली ठेवलं. हे दुसरे आजोबा, आईकडचे, असा खुलासा झाला. ते गेले तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती असंही चौकशीअंती कळलं. वडिलांनी कागदावर काहीतरी खोडलं. पोहे गार झाले ते वेगळंच.

मला त्या घराची अडचण समजते. घर खाऊनपिऊन सुखी. नवराबायकोचं पटतं. मुलीला झोप छान लागते. सांगण्याजोगं एक दुःख म्हणून घरात नाही. आईची तक्रार हीच, "आमच्याकडे काहीच झालं नाही वं ताई, हिनं सांगावं तरी काय?" त्यांच्या शेजारच्या मुलाला म्हणे दहावीत असताना पॅनिक अटॅक आला होता, त्याचं नाव यादीत लागणार हे सगळी गल्ली धरून चालली आहे. काय दिवस आले पाहा! आधी घरात असलं काही असेल तर लग्न होईपर्यंत लपवायचे, आता ॲडमिशन होईपर्यंत मिरवतात. एका अर्थी ही सुधारणाच म्हणायची. पण ज्याला खरंच रात्र रात्र झोप नाही, तो मुलगा या धामधुमीत कोणाला दिसत असेल, देव जाणे.

ज्यांच्या घरी दुःख नाही ते जिल्ह्याचं उचलतात. इथे मात्र माझी चेष्टेची हौस आटते. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीमसोबत वर्धाही होता. तेव्हापासून शेतकरी आत्महत्या ही आमच्या जिल्ह्याच्या नावामागे लागलेली ओळख आहे, आणि आता ती मुलाखतीतलं हुकमी वाक्य झाली आहे. 'मी वर्धा जिल्ह्यातून येते, जिथे शेतकरी...' असं सुरू झालं की समोरच्यांच्या माना आपोआप हलतात. सांगणारीने कपाशीच्या वावरात पाय ठेवलेला नसतो. कापूस वेचणीचा भाव यंदा किलोला काय होता, असं एखाद्या परीक्षकाने विचारलं तर आटोपलंच. खरं तर विचारण्याजोगं, शिकण्याजोगं इथेच पुष्कळ आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला तो अशाच आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी. गावात फिरून कोण खचलंय याची विचारपूस करायचं काम आशाताईंवर आलं. आशाताईसोबत एक दिवस गाव फिरलं असतं तर मुलीला बोलायला आजोबांची गरज पडली नसती. पण ऊन फार असतं ना.

आकडे फेकायचंही एक तंत्र निघालंय. 'राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६' हे नाव मुलं अशा काही थाटात घेतात की वाटावं, पाहणी यांनीच केली. निम्हान्सने केलेली ती पाहणी बारा राज्यांत झाली आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. एवढं माहीत नसताना 'आमच्या महाराष्ट्रात त्या सर्वेक्षणानुसार' असं वाक्य टाकणारा मुलगा मी ऐकला, आणि त्याच्या मामांनी त्याला त्या वाक्यासाठी दहापैकी नऊ दिले.

जुनी माणसं म्हणतात, यात नवीन ते काय, सेवाग्रामला हे सगळं होऊन गेलंय. त्यांचं खरं आहे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नय्यर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. पहिली तुकडी साठ जणांची. पुढे इथल्या प्रवेश परीक्षेत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्राच्या जोडीला गांधीविचारावरचा स्वतंत्र पेपर असायचा, तो थेट नीट येईपर्यंत टिकला. सुरुवातीच्या वर्षांत मुलाखतही असे. आता डॉक्टर व्हायला आलेल्या मुलाला चरखा, ग्रामसेवा आणि अपरिग्रह यांवर बोलायचं म्हटल्यावर काय होणार? देशभरातून मुलं यायची ती खादी घालून. कोरी करकरीत, इस्त्रीची घडी न मोडलेली, मानेला टोचणारी खादी. ज्याने जन्मात सूत पाहिलं नाही तो 'सत्याचे प्रयोग' प्रकाशसंश्लेषणासारखं मुखोद्गत करून यायचा.

पण संस्थेची हुशारी पुढे होती. निवड झाली की मुलांना पंधरा दिवस आश्रमात ठेवायचं. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान, साधं जेवण. मग सगळं शिक्षण होईपर्यंत खादीच. म्हणजे सोंग घेऊन आलास ना बाबा, आता ते साडेचार वर्षं वठव. आणि गंमत अशी, की एवढी वर्षं वठवलेलं सोंग बऱ्याच जणांच्या अंगी मुरलं. सेवाग्रामहून शिकून गेलेले, आता केस पांढरे झालेले काही डॉक्टर अजूनही खादीत दिसतात. माणूस जसं वागत राहतो तसं हळूहळू मानू लागतो, हे लिऑन फेस्टिंगरने १९५७ मध्ये पुस्तकात मांडलं; सेवाग्रामला त्याची वसतिगृहासकट सोय होती. मानसशास्त्रवाल्यांनी मुलाखतीऐवजी हा मार्ग का धरू नये? 'ऐकून घेते' म्हणणाऱ्या मुलीला पंधरा दिवस जिल्हा रुग्णालयाच्या बाहेर बाकावर बसवा आणि लोकांचं ऐकायला सांगा. निम्मी यादी आपोआप गळेल.

एवढी झुंबड का, हेही ऐकून ठेवा, कारण याबाबत आमच्याकडे भलत्याच अफवा आहेत. कोणी शाहरुख खानला दोष देतं, 'डिअर जिंदगी'त त्याने समुद्रकिनारी फिरत फिरत समुपदेशन केलं म्हणून. कोणी कोरोनाला देतं. दोन्हींत थोडंथोडं तथ्य असेल. पण खरी गोम कायद्याच्या कलमांत आहे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत नाव लागतं. तो कायदा १९९२चा. तिथे जायचा राजमार्ग म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच निकालात काढली, मग ओरड झाल्यावर या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. तिकडे ज्यांना कुठेच जमत नव्हतं ते घरबसल्या इग्नूचं एम.ए. करत, २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही बंद करायला सांगितले. मागचं दार लागलं, पुढच्या दारात गर्दी झाली. आणि दार म्हणजे किती, तर हाताच्या बोटांवर मोजावं इतक्या जागा. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञ धड येत नाही. मानसशास्त्रज्ञांची टंचाई त्याहून मोठी. १४४१६ वर टेलिमानसला फोन करा म्हणून सरकार २०२२ पासून सांगतंय, पण फोन उचलायला बसणारी शिकलेली माणसं या मोजक्या दारांतूनच आत यायची आहेत.

गंमत म्हणजे आमच्या गांधी हिल्सवर, हिंदी विश्वविद्यालयात, मानसशास्त्राचा विभाग आहे. ऑटोने जाऊन येता येतं. पण पिकतं तिथे विकत नाही. आमच्या पोरांचं मन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेवर, म्हणजे टिसवर. तिथे आधी त्यांची स्वतःची नेट परीक्षा होती, आता सीयूईटी-पीजीमधून जावं लागतं. ती पार पडली की मुलाखत, आणि मुलाखत म्हटलं की आरसा.

आता खरी कुजबुज ऐका, ही कोणाला सांगू नका. समोर बसलेल्या त्या तीन परीक्षकांच्या स्वतःच्या शास्त्रानेच मुलाखतीची पार अब्रू काढलेली आहे! १९७७ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोघांनी दुकानात बायकांच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं, यातली चांगली कोणती? लोक उजवीकडची शेवटची जोडी उचलत. का, तर विणकाम छान, पोत मऊ, वगैरे वगैरे. चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या. 'ती उजवीकडे होती म्हणून' असं कारण एकाच्याही तोंडून आलं नाही. माणसाला आपल्या निवडीचं खरं कारण बऱ्याचदा ठाऊकच नसतं आणि तो जागच्या जागी एक शहाणं कारण रचतो, हे त्यातून पुढे आलं. हे ज्यांनी वर्गात शिकवलं तेच प्राध्यापक चष्मा पुसत मुलीला विचारतात, मानसशास्त्रच का! तिने 'सर, निस्बेट-विल्सननुसार मला ते नक्की कळत नाही' असं उत्तर द्यावं, अशी माझी फार इच्छा आहे. मामांनी ती फेटाळली.

दुसरा किस्सा तर याहून जहाल. १९७९ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजने मुलाखती घेऊन आपली दीडशे मुलं निवडली. मग राज्याच्या विधिमंडळाने ऐन वेळी सांगितलं, आणखी पन्नास घ्या. चांगली मुलं तोवर दुसरीकडे गेलेली. मग मुलाखतीत तळाला पडून नाकारलेल्यांतून पन्नास उचलली. पुढे पाहिलं तर दोन्ही गटांत फरक सापडेना. अभ्यासातही नाही आणि रुग्ण हाताळण्यातही नाही. १९८७ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. पॉल मील नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर १९५४ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं, की तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा साधं आकड्यांचं सूत्र बहुतेक वेळा बरोबरीचं किंवा सरस ठरतं. हे सगळं वाचून, त्यावर परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न काढून, मंडळी पुन्हा मुलाखतीला बसतात ती बसतातच.

मला यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा दिसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून आणतात. झूल, माळा, शिंगांना बेगड, आणि नंदीचा आकार माणसाच्या उंचीला भिडलेला. परीक्षक फिरतात, सजावट पाहतात, बक्षीस देतात. तिथे कोणीही 'हा बैल किती एकर नांगरेल?' असं विचारत नाही, कारण तो नांगरणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. इथली पंचाईत एवढीच, की निवडलेल्याला पुढे खरंच जुंपायचं असतं.

मुलाखत घ्यायचीच तर निदान प्रश्न असे हवेत की मामांची तयारी उपयोगी पडू नये. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाने आपल्या मानसशास्त्राच्या मुलाखतीतला एक नमुन्याचा प्रश्न जाहीर केला होता. वेल्श बोलणाऱ्यांना फोन नंबर लक्षात ठेवणं इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा अवघड जातं असं एका प्रयोगात दिसलं, तर का? यात बुद्धी काढायची नसते. वेल्शमध्ये आकड्यांचे उच्चार लांब, मनातल्या मनात घोळवायला वेळ जास्त लागतो, म्हणून कमी आकडे टिकतात. उत्तर माहीत असण्यापेक्षा पोरगं विचार कसा करतं ते पाहायचं. हा प्रश्न मी त्या सरावात टाकला. मुलीने आधी विचारलं, "हे सिलॅबसमध्ये आहे?" मग दोन मिनिटं गप्प बसली, आणि मग कोणी 'थांबणे' लिहून न देता म्हणाली, "काकू, आपण मोबाइल नंबर इंग्रजीत काहून सांगतो? मराठीत सांगणारे आजोबा तर दर वेळी मधेच अडकतात." वडील कागदात तोंड घालून बसले होते, त्यांना ते ऐकूच आलं नाही. मामा म्हणाले, विषय सोडून बोलू नको. मला विचाराल तर त्या अख्ख्या सकाळीत तेवढं एकच वाक्य मानसशास्त्राचं होतं. आजोबांना आकडे मराठीत आणि इंग्रजीत सांगून तिने खरंच तपासलं असतं, घड्याळ लावून, तर मुलाखतीत सांगायला स्वतःचा प्रयोग झाला असता आणि आजोबा हयात असण्याचा फायदाही.

बाकी तयारी म्हणजे नावांचा पाऊस. फ्रॉइड सगळ्यांना येतो. मिलग्रमचे विजेचे झटके येतात, झिंबार्डोचा १९७१चा तुरुंग येतो, डेव्हिड रोझनहॅनने खोटे रुग्ण मनोरुग्णालयात पाठवून १९७३ मध्ये ते छापल्याचं येतं. पण सुझाना कहालन या पत्रकार बाईने २०१९ मध्ये पुस्तक लिहून त्या रोझनहॅनच्याच प्रयोगाच्या खरेपणावर गंभीर शंका घेतल्या, हे विचारलं की शांतता पसरते. प्रयोग घडला कसा हे पाठ आहे, त्याचं पुढे काय झालं याची वार्ता नाही. एका मुलाने तर मला सुनावलं, "ते नोट्समध्ये नव्हतं." मराठीत आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी आल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती घरोघरी पोचवली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांनी 'देवराई' काढून स्किझोफ्रेनिया थिएटरात नेला. हे कोणी तोंडातून काढत नाही. मराठी नावं घेतली तर मार्क कापतात अशी समजूत आहे.

असो. त्या मुलीची मुलाखत झाली, ऑनलाइन. दोनदा 'माहीत नाही' म्हणाली म्हणून बाहेर येऊन रडली. नाव प्रतीक्षा यादीत आहे. तोवर मामांची मात्र कॉलनीत कीर्ती झाली. संध्याकाळी त्यांच्या दिवाणासमोर तीन-चार मुलं फाइल धरून बसलेली असतात. फी नाही, फक्त चहा आणि गोरसपाक. प्रत्येकाला ते आधी एकच विचारतात, घरी काही आहे का सांगण्यासारखं?

काल सकाळी ते माझ्याकडेही आले. त्यांचा एक समुद्रपूरचा विद्यार्थी आहे, हुशार आहे, पण घरचं सगळंच व्यवस्थित. मामा चहा घेता घेता म्हणाले, "तुमचे धाकटे दीर सारखे हात धुतात ना?" मी म्हटलं, हाव, शाळेत मास्तर आहेत, खडू लागतो. मामांनी वहीत काहीतरी टिपलं. मग खाली वाकून म्हणाले, "आठ दिवस त्याचे काका म्हणून वापरू द्या. पोरगं उद्या रात्रीच्या सेवाग्राम एक्सप्रेसनं निघतंय, काय ते आजच सांगा."